आत्याबाईंनी सोडलेला चहा

जानेवारी आला की पेपरवाले पुरवणी काढतात. नव्या वर्षात काय सोडावं, काय धरावं, सकाळी किती वाजता उठावं. वरवट बकालच्या ग्रामवाचनालयात मी बरीच वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, त्यामुळे गावात या पुरवण्या सर्वात आधी माझ्या हातात पडायच्या. त्यात एक सल्ला दरवर्षी ठरलेला असायचा: भरपूर पाणी प्या. मी तो दरवर्षी मनावर घ्यायचे आणि संक्रांतीपर्यंत विसरून जायचे. आता तो सल्ला वाचला की हसू येतं, आणि हसताना जीभ टाळूला चिकटते.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवारी आणि गुरुवारी खामगावला जाते, मशीनवर रक्त धुऊन घेते आणि परत येते. हे लिहिते आहे ते मशीनच्या खुर्चीवर नुकतंच बसलेल्या कोणासाठी तरी. धीर देण्यासारखं यात फारसं नाही, हे आधीच सांगते. धीर देणाऱ्या पुस्तकांचं आमच्या वाचनालयात अख्खं कपाट होतं. आजारी पडल्यावर त्यातलं एकही पुस्तक मला उघडावंसं वाटलं नाही. आपल्या घरात आता काय होणार, एवढंच मला कोणीतरी सांगायला हवं होतं. तेच सांगते.

अकोल्याहून परत येताना

सुरुवात पायांपासून झाली. जोडवी रुतायला लागली, पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दिवसभर खुर्चीवर बसून सूज येत असेल म्हणून मी पायाखाली जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवायला लागले. मग अन्नाचा वास नकोसा झाला. जिना चढताना धाप लागायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट आल्यावर तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, आजच अकोल्याले जा."

अकोल्याचे डॉक्टर कमी बोलणारे होते. सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून म्हणाले, दोन्ही किडन्या आकसल्या आहेत, आता मशीन लागेल.

आमच्या ह्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"दुसरी किडनी बसवली तर वेगळी गोष्ट. नाहीतर कायम."

आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं आहे. किडनीचे पेशंट गावात आहेत, त्यामुळे हा आजार मला नवा नव्हता. फक्त तो आजवर दुसऱ्यांच्या घरात होता. पाण्यानं झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, बीपी बरीच वर्षं वाढलेलं असावं. त्यावर मी मान हलवली. खरं तर मला त्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डिसेंबरचं शेवटचं पान होतं.

येताना गाडीत पूर्णेच्या पुलावर हे एकदा म्हणाले, "मायले काय सांगाचं?" मी म्हटलं, तुमची माय, तुम्हीच ठरवा.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण नजर अशी की कोण काय लपवतं ते चपला काढायच्या आत ओळखायच्या. त्यांनी मुलाला विचारलं, "काय म्हनते डाक्टर?"

"काही नाही माय. सालभर मशीन लावा लागते. मंग सुटते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता हातपाय धुवायला मागे निघून गेले. त्यांना तेव्हा एवढंच वाटलं असणार की म्हातारीला आजची रात्र झोप लागू दे.

एक जानेवारी

नव्या वर्षाला आमच्याकडे एरवी काही होत नाही. आमचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. पण त्या दिवशी आमची मुलगी पल्लवी, शेगावला कॉलेजात शिकते ती, सकाळी सगळ्यांना एकत्र बसवून म्हणाली, "प्रत्येकानं एक संकल्प सांगायचा. यंदा काय सोडणार ते." माझ्या मानेत तेव्हा नळी घातलेली होती, हातावरचं ऑपरेशन व्हायचं होतं. पोर मला हसवायला बघत होती, हे सगळ्यांना कळत होतं.

दिवसभर तंबाखू-सुपारी चघळणारे हे म्हणाले, "मी खर्रा सोडतो." पल्लवी म्हणाली, "मी मोबाईलवर रील बघणं सोडते." मी म्हटलं, मी पाणी मोजून पिणार, मशीनवर रडणार नाही, आणि उन्हाळ्याच्या आत वाचनालय पुन्हा उघडणार. टाळ्या वाजल्या.

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "हे काय चालवलं तुमी?" त्यांनी विचारलं.

"आजी, नव्या सालात काहीतरी सोडाचं असते," पल्लवी म्हणाली. "आई बरी व्हावी म्हून."

हे शेवटचं वाक्य तिनं उगाच जोडलं. तिला काय माहीत.

कारण आमच्या घरात सोडणं ही गंमतीची गोष्ट नाही. हे लहान असताना त्यांना टायफॉइड झाला होता, तेव्हा आत्याबाईंनी आंबा सोडला होता. पोरगं उठून बसलं, मग चालायला लागलं, पण आंबा त्यांनी आपल्या हातानं तोंडात घातला नाही. ज्याच्यासाठी सोडलं, तो बरा होऊन आपल्या हातानं देईल तेव्हाच ते घ्यायचं, असा त्यांच्या माहेरचा नेम. शेवटी ह्यांनीच लहानग्या हातानं त्यांना आंब्याची फोड भरवली. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे.

आत्याबाई उठल्या. हात धुतले. देवापुढे जाऊन तळहातावर पाणी घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "जवलोक माही सून त्या मशीनवरून उतरत नाही, तवलोक मी चहाले हात लावनार नाही."

आणि पाणी सोडलं.

आत्याबाई आणि चहा हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. जेवण एक वेळ चुकलं तरी चालेल, चहा नाही. आणि तोही विहिरीच्या पाण्याचा. घरात फिल्टरच्या पाण्याचे जार यायला लागले तेव्हा त्यांनी चव घेऊन सांगितलं, "याच्यात काहीच नाही वं. पान्याले चव पाह्यजे." लग्नानंतर पहिली काही वर्षं आमचं पटत नसे. भाकरी जाड का, पदर कुठे, वाचनालयात बायकांचं काय काम. पण दुपारी चारला त्या हाक मारायच्या, "मांड उलसक," आणि मी चहा मांडायचे. मग आम्ही दोघी मागच्या दारात बसून बशीनं चहा प्यायचो. तेवढ्या वेळात भांडण नसायचं. आमचं जे काही जमलं ते त्या मागच्या दारात.

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता तरी खरं सांगा, असं मला म्हणायचं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. पण पाणी सोडून झालं होतं, आणि खरं आम्ही दोघांनीही गिळलं. पल्लवीला तर अजून काही ठाऊकच नव्हतं. तिनं आजीला मिठी मारली.

मशीनच्या खुर्चीवर

डायलिसिसचं दुखणं सुयांचं नसतं फारसं. सुयांची सवय होते. सवय होत नाही ती तहानेची. दिवसभराचं पाणी पल्लवी बाटलीत भरून ठेवते, त्यावर पेनानं रेघ ओढलेली. औषधाचं पाणी त्यातलंच, चहा त्यातलाच, आमटीचा रस्साही त्यातलाच. उन्हाळ्यात आमच्याकडे काय ऊन असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. जेवणाच्या डब्याच्या झाकणात पाण्याचे थेंब जमतात, ते मी बोटानं चाटलेले आहेत.

हे लिहायला लाज वाटत नाही, कारण तुम्हीही चाटाल.

चौथ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात. घरी आल्यावर अंगात कापूससुद्धा उचलायची ताकद नसते. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते, तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा सुजायला लागतात आणि मग बसस्टँड. असं चाललेलं असतं. यात वाट बघण्यासारखं काही येत नाही, फक्त वार येतात.

वाचनालय मी उन्हाळ्याआधी उघडलं, संकल्पाप्रमाणे. काही आठवडे रेटलं. एक दिवस वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. त्यानंतर किल्ली समितीला देऊन टाकली. मशीनवर रडायचं नाही हा संकल्प त्याच्याही आधी मोडला होता.

नवीन किडनीचं विचाराल तर सांगते. ह्यांना साखर आहे, त्यांची चालली नाही. माझा भाऊ भेटायला आला, वरणफळं खाल्ली, म्हणाला घरी विचारतो. तो अजून घरीच विचारतो आहे. त्याला मी दोष देत नाही, त्याची लेकरं लहान आहेत. पल्लवी द्यायला तयार होती आणि मी तिला नाही म्हटलं. त्यावरून आमचं एवढं वाजलं की शेजारीण विचारायला आली. प्रतीक्षा यादीत नाव आहे. फोन वाजला की पहिले काही महिने काळजात धस्स व्हायचं, आता होत नाही.

चांगलं म्हणून काही आठवायचं तर एक सिस्टर आठवते. ती गोळे आले की न बोलता पोटऱ्या चोळून द्यायची आणि एक बर्फाचा खडा जिभेवर ठेवायची. बर्फ वितळायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे तिनंच शिकवलं. ह्यांनी मग घरी बाटल्यांच्या बुचांत पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायला सुरुवात केली. बुचाएवढे बर्फ. अजूनही ठेवतात.

ह्यांचा खर्रा

संक्रांतीच्या सुमारास हे गोठ्याकडून आले आणि मला सुपारीचा वास आला. मी म्हटलं, "तोंड उघडा."

"काऊन?"

"उघडा म्हणते ना."

उघडलं नाही. मी हसले. ते ओशाळून म्हणाले, "एकच घेतला वं. वावरात मजुरानं देल्ला."

मला राग यायला हवा होता, पण मला हायसं वाटलं. माझ्यासाठी केलेला एक संकल्प तरी मोडला होता. पल्लवीचे रील तर कधीच सुरू झाले होते. माझ्यावर आता एकच ओझं उरलं होतं, आणि ते मोडणाऱ्यातलं नव्हतं.

आत्याबाईंचा चहा खरंच सुटला होता. पहिले काही दिवस डोकं धरून बसल्या, चिडचिड केली, मग गप्प झाल्या. चारच्या सुमारास त्या मागच्या दारात येऊन बसायच्या, रिकाम्या हातानं. मी शेजारी बसायचे, तेही रिकाम्या हातानं. आम्हाला बोलायलाच सुचायचं नाही. घरात बाकीच्यांचा चहा चोरून व्हायला लागला. हे चहा गोठ्यात नेऊन प्यायचे. पाहुणे आले की त्यांना ओसरीवरच पाजायचा आणि कप झाकून आत आणायचे. आत्याबाईंना वास यायचाच. त्या तोंड वळवायच्या.

आणि दर सोमवारी-गुरुवारी मी घरी आले की एकच प्रश्न. "सुई सुटली का वं?"

"नाही अजून."

"सुटन. सालभर म्हने ना दिनू."

दिनू म्हणजे हे. दिनू तेव्हा कुठेतरी दुसरीकडे बघत असायचे.

मी रात्रंदिवस मरणाला घाबरत होते, ते होतंच. पण त्याच्या खाली ही दुसरी टोचणी होती. एक म्हातारी बाई माझ्या बरं होण्यावर आपला जीव टांगून बसली आहे, आणि मी बरी होणार नाही.

कंडक्टरमामा

खामगावला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर असायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मशीन बंद झालं की ते मोठ्यानं म्हणायचे, "चला, उतरा, गाडी पुढं जानार नाही." मी त्यांना एकदा आत्याबाईंच्या चहाचं सांगितलं. वाटलं हसतील.

हसले नाहीत. म्हणाले, "माह्या बायकोनं पुरनपोळी सोडली होती. मी बरा होत नाही तवलोक. मले गंमत वाटे. म्हनो, सोड, तुही शुगर तरी कमी होईन."

"मग?"

"मंग काय. मीच जाईन पह्यले असं धरून चाललो होतो. तेच गेली, पोळ्याच्या आधी. दोन होळ्या तिनं पोळ्या लाटल्या अन् आमाले वाढल्या, तिनं तोंडात घातली नाही." ते छताकडे बघत होते. "मी तिले म्हनू शकलो असतो, बरा झालो म्हून. एक दिवस म्हटलं असतं त काय गेलं असतं?"

मी म्हटलं, "खोटं बोलायचं?"

"बाई, तिकीट न घेता बसलेले लय पाह्यले म्या. काही काही लोकाइले उतरवत नसतो मानूस."

दिवाळीच्या आधी एका सोमवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कोणी होतं. तरुण मुलगा, नवीन, डोळे लाल. आम्ही कोणी मामांचं विचारलं नाही. तिथे विचारत नाहीत. मशीन बंद झाल्यावर 'चला, उतरा' म्हणायला कोणी नव्हतं आणि आम्ही नुसते उठून गेलो.

आत्याबाई पडल्या

दिवाळीनंतर आत्याबाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण पडल्यापासून त्या खाटेला खिळल्या. जेवण कमी होत होत दोन घासांवर आलं. गावातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि बाहेर येऊन म्हणाले, "वय झालं. जे आवडते ते द्या."

त्यांना आवडतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

पल्लवीनं प्रयत्न केला. कपात चहा आणून तोंडाशी धरला. आत्याबाईंनी ओठ मिटून घेतले. ह्यांनी हात जोडून सांगितलं, माय, आता घे, देव काही म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "म्या देवाले नाही सोडला. हिच्यासाठी सोडला. हिची सुई सुटली का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि ओट्याला धरून रडले. एवढी निराश मी अकोल्याच्या त्या दिवशीही झाले नव्हते. तिथे मला माझं मरण सांगितलं होतं. इथे मी दुसऱ्याचा शेवटचा घोट अडवून धरला होता, आणि सोडवायची किल्ली म्हणजे एक बरं झालेलं शरीर, जे माझ्याकडे नव्हतं आणि मिळणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी त्यांना सांगणार आहे, मी बरी झाले."

ते दचकले. "देवापुढं पानी सोडलं हाये मायनं. खोटं कसं बोलशीन?"

"पहिलं खोटं तुम्हीच बोलले."

ते म्हणाले, "तिले समजन. गुरुवारी तू खामगावले गेली की समजन."

खरं होतं. खाट ओसरीत होती. मी पिशवी घेऊन निघाले की त्यांना दिसायचं. सोमवार-गुरुवार त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होते.

यंदा एक जानेवारी गुरुवारीच आला. मी खामगावला फोन केला आणि शुक्रवारची पहिली वेळ मागितली. सिस्टर म्हणाली, "ताई, एक दिवस पुढे ढकलताय तर पाण्याकडे लक्ष ठेवा." पल्लवीनं विचारलं, "आई, यंदा संकल्प काय?" मी म्हटलं, हाच.

गुरुवार

सकाळपासून पाय जड होते. उशीला टेकून झोपले तरी श्वास पुरत नव्हता. तरी मी लाल काठाची साडी नेसले, वरून लांब बाह्यांचं स्वेटर घातलं. डाव्या हातावर, जिथे मशीनसाठी नस जोडली आहे, तिथे दोरीसारखी फुगलेली शीर दिसते. त्यावर हात ठेवला की ती थरथरते, आत काहीतरी गुणगुणत असल्यासारखी. ती झाकायची होती.

पहिली गाडी गेली. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुसरी गाडी गेली. मी अंगणात सडा टाकत होते, दम खात खात. त्यांनी परत बघितलं.

चार वाजता मी विहिरीचं पाणी चुलीवर ठेवलं. आलं ठेचलं, गवती चहाची पानं घातली, साखर सढळ हातानं टाकली. कप-बशी घेऊन खाटेपाशी गेले. हे दारात उभे होते, पल्लवी त्यांच्या मागे.

"आत्याबाई, माझी सुई सुटली," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं, आता यायचं काम नाही. आज गुरुवार आहे, बघा, मी घरीच आहे. चहा आणला आहे. माझ्या हातानं घ्या."

त्यांनी बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सुजलेल्या डोळ्यांकडे. मग त्यांनी पांघरुणातून हात काढला. मला वाटलं बशी घेतील. त्यांनी माझा डावा हात धरला, स्वेटरवरून, बरोबर त्या शिरेवर. बोटं तिथेच ठेवली.

शीर थरथरत होती. ती काही माझं ऐकत नाही.

मी हात काढून घेऊ शकले नाही. मला वाटलं आता त्या तोंड वळवतील, आणि माझ्याकडे पुन्हा प्रयत्न करायला दुसरं खोटं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांची विनवणी करत होते. घ्या. माझ्यासाठी घ्या. मला या एका गोष्टीतून तरी सोडवा.

"बरी झाली म्हन्तेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पक्की?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी हात सोडला. "मंग पाज," म्हणाल्या.

मी बशी त्यांच्या ओठांना लावली. पहिला घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून. मग दुसरा. पूर्ण कप संपायला किती वेळ लागला कोण जाणे, मध्ये दोनदा मी चहा कोमट करून आणला. ह्यांनी दारात तोंड पदरात लपवावं तसं टॉवेलात लपवलं होतं. शेवटची बशी त्यांनी हातानं अडवली आणि माझ्याकडे ढकलली. "अर्धी तुही." मी प्यायले. माझ्या बाटलीच्या रेघेच्या खूप पलीकडचं होतं ते. वर्षभरानं आलं घातलेला चहा प्यायले, आणि तो खारट होता, आणि मला बाकी काही नको होतं.

मी कप उचलून वळले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. आवाज अगदी हळू होता, फक्त मला ऐकू येईल असा.

"वंदना."

"काय?"

"आजची गाडी हुकवली तू. उद्याची पह्यली धर. अन् दिनूले सांगू नको मले समजलं म्हून."

मी हो म्हटलं. कप विसळून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले.